अक्काच्या दोन रिंगा

३ डिसेंबर, कवठे महांकाळ
शेवटी जुना फोन काढला. रस्ता रुंद करताना तार तीनदा तुटली, आता जोडणार नाही म्हणाले. नवा फोन नेटवर. नंबर वडलांच्या, दादांच्या काळातलाच. भिंतीवर पांढरा डबा, हिरवे दिवे. फोनवाला बजावून गेला, "काका, ह्याचं बटण बंद करायचं न्हाई. बंद केलं की फोन मेला." व्हय म्हणालो.

४ डिसेंबर
स. ७.२०, दोन रिंगा. अक्का यमाईचं दर्शन करून औंधातल्या घरी पोचली. भाऊजी गेल्यापासून एकटीच, तेव्हापासून रोज असंच. दादांनी ठरवून दिलेलं. दोन रिंगा म्हणजे थोरली लेक ठीक, उचलायचं नाही, पैसे वाचतात. दादा गेले, आता फोनजवळच्या खुर्चीत मी. तिच्याकडं साधा मोबाईल आहे, पण पाठ हा एकच नंबर.

६ डिसेंबर
डब्याचे दिवे रात्रभर कशाला जाळायचे? झोपताना पंखा, टीव्ही, सगळी बटणं बंद करायची ही दादांची शिस्त. तेही बंद केलं. सकाळी उठून चालू करतो, काय बिघडतंय.

८ डिसेंबर
कालपासून भल्या सकाळी द्राक्षाला औषध मारायला बागेत. सौ.ला विचारलं, "वाजला का?" "मी गोठ्यात होते." वाजला असेल.

१० डिसेंबर
साडेअकराला माझ्या मोबाईलवर औंधच्या शेजारणीचा फोन. अक्का स्वयंपाकघरात पडली, सकाळपासून तशीच.
चपला घालताना डब्याकडं बघितलं. बटण रात्रीपासून बंद. माझ्याच हातानं.

११ डिसेंबर, सातारा, दवाखाना
खुब्याचं हाड मोडलंय. परवा ऑपरेशन.
अक्का सांगत होती, "साडेसातापास्नं तुलाच लावत हुते. कोण बाई बोलायची. तिला म्हनलं, बाई, माज्या भावाला तेवढं सांगा, मी पडलीया. लय येळा सांगितलं रं. आपलंच बोलायची, ऐकूनच घेत न्हवती."
चार तास ती त्या मशीनमधल्या बाईची विनवणी करत होती.
मग तिनं विचारलं, "तुजा फोन बंद हुता व्हय?"
म्हणालो, "लाईट नव्हती, अक्का."
लगेच पटलं तिला. नर्सलाही सांगितलं, "भावाकडं लाईट न्हवती वं, न्हाईतर पळत आला असता." सौ. माझ्याकडं बघत राहिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ डिसेंबर
ऑपरेशन नीट झालं. आज घरी आल्यावर ही वही चाळली. ३ तारखेला माझ्याच अक्षरात लिहिलंय, बंद करायचं न्हाई. साठी झाली तरी अक्कल नाही.
सौ. : "सांगून टाका."
"आता सांगून तिला काय उपयोग?"
"तिला नसंल. तुमाला हाय."


१९ जानेवारी
अक्काला आणायला गेलो होतो, चार महिने आमच्याकडं राहा म्हणून. येत नाही. "तुमच्याकडं लाईटचा भरवसा न्हाई, गड्या. परत काय झालं तर?" शेजारीण दोन वेळचं बघणार आहे. एकटाच परत.

२ फेब्रुवारी
स. ७.२०, दोन रिंगा. पडल्यापासून पहिल्यांदा. देऊळ बंद झालंय तिचं, आता काठी धरून न्हाणीपर्यंत जाते, परत आली की वाजवते म्हणे. खुर्चीत बसून रडलो. सौ.नं बघितलं.

५ फेब्रुवारी
आज दुसऱ्या रिंगेला उचलला.
अक्का घाबरलीच. इतक्या वर्षांत कुणी उचलला नव्हता. "काय झालं रं? कोण गेलं?"
"कोण न्हाई. अक्का, त्या दिवशी लाईट हुती. बटण मी बंद केलं हुतं. खोटं बोललो तुज्याशी."
तिकडं मागं कुकरची शिट्टी झाली. मग फोन तुटला. डब्याकडं पाहिलं, सगळे दिवे हिरवे. तिनंच ठेवला.
परत लावायचं धाडस झालं नाही.

६ फेब्रुवारी
पावणेसातपासून खुर्चीत. बागेत गेलो नाही. बटण तीनदा बघितलं, चालू आहे. रिसीव्हर कानाला लावून बघितला, टोन आहे. सौ.नं चहा आणून ठेवलाय.
७.२५.