आईंची करवत

८ जानेवारी

आज फळी उडाली! सासूबाई कापत असताना विजेच्या करवतीत अडकली आणि उलटी आली, सरळ भिंतीवर. गिलाव्याचा टवका पडला. मी नेमकी खिळे घ्यायला खाली वाकले होते. वाकले नसते तर — नको, लिहायलाही नको.

धावत जाऊन मेन स्विच बंद केला. तर सासूबाई माझ्यावरच कडाडल्या. "चालू कामात स्विचला हात लावायचा नाही! किती वेळा सांगितलंय?"

"आई, फळी उडाली!"

"उडते कधीकधी. लाकडात गाठ होती."

गाठ होती म्हणे! ती त्यांना दिसलीच नाही, हे खरं. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं कोणी बोलायचं नाही. त्यांनी पातं पुसलं, दुसरी फळी लावली आणि पुन्हा ती घरघर सुरू.

९ जानेवारी

अबोला. चहासुद्धा आपला आपण करून घेतला.

११ जानेवारी

करवत सासऱ्यांनी घेतलेली. उघडं पातं, पट्ट्यावर चालणारं, वर झाकण नाही की काही नाही. ते गेले तेव्हा नवरा शाळेत होता. तेव्हापासून आईच कापतात. दारं, चौकटी, कपाटं. त्यावरच दोन्ही मुलांची शिक्षणं झाली, नणंदेचं लग्न झालं. हे मी कधी नाकारलं नाही.

पण मी कोण मग? रंधा मी मारते, सांधे मी भरते, पॉलिश मी. नवरा टेम्पोतून माल पोचवतो. आणि करवतीला मात्र लग्न होऊन आल्यापासून मला हात लावायची परवानगी नाही! लाकूडकामाचा कोर्स करून आलेली मी, मी आपली फळीचं टोक धरायला. एकदा त्या बाजारात गेल्या असताना स्विच दाबला होता. नेमक्या परत आल्या. दारातूनच अशा ओरडल्या की शेजारचा लोहार घण घेऊन धावत आला, चोर शिरला समजून.

करवत नव्हे, गादी आहे ती. आणि गादी काही सुटत नाही!

१४ जानेवारी

जेवताना विषय काढला. नव्या मशीनला माणसाचं बोट लागलं की पातं आपोआप खाली जातं, असं सांगितलं.

"पात्याला काय डोळे असतात?" आई म्हणाल्या. "नवी आणा, नाहीतर जुनी ठेवा. पुढे मीच उभी राहणार. तू नाही."

"तू नाही" हे माझ्याकडे बघून. नवरा मुकाट्याने पाणी प्यायला. तीन माणसांच्या घरात तिसऱ्याने कायम पाणीच प्यायचं ठरवलंय.

मग नणंदेचा फोन. "वहिनी, आईचा जीव आहे त्या मशीनमध्ये. काढलीस तर ती खचेल. माझं ऐक, राहू दे." लांब बसून बोलायला हिचं काय जातंय? फळी हिच्या डोक्यावरून नाही गेली!

१८ जानेवारी

शाळेच्या दाराची चौकट परत आली. बसतच नाही. ज्यांच्या कामात कधी एक सूत इकडचं तिकडे झालं नाही, त्यांची चौकट!

"टेप खराब झालीय," आई म्हणाल्या.

नवऱ्याने नवी टेप काढून हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग पुन्हा जवळ. "आकडे फारच बारीक छापतात हल्ली."

कोणी हसलं नाही. संध्याकाळी नवरा मला म्हणाला, "घेऊन टाक. मी बोलणार नाही तिच्याशी, पण घेऊन टाक."

बोलणार नाही! म्हणजे वाईट मीच व्हायचं.

२० जानेवारी

नवी मशीन सांगून आले. शेडमध्ये दोन्ही मावणार नाहीत. तेही आईंना सांगितलं. हातातला घास तसाच राहिला.

"जुनीचं काय करणार?"

"बघू," मी म्हटलं.

ताटावरून उठल्या.

२४ जानेवारी

आज काय सोसलं ते माझं मला माहीत.

मशीनवाला गाडी घेऊन दारात. आणि आई आत कापत बसलेल्या. "थांब म्हणावं त्याला. हातातली फळी होऊ दे."

स्वेटरची बाही सुटली होती. लोंबत होती, पात्याच्या अगदी जवळ. त्यांना ती दिसत नव्हती. हाक मारावी तर दचकतील आणि हात पुढे जाईल. स्विचकडे जावं तर त्यांच्या मागूनच जायचं. नवऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं, अजून वळ आहे. फळी सरकत होती, सरकत होती, बाही हलत होती. मशीनवाल्याने तर तोंडच फिरवलं.

फळी पार झाली. आईंनी स्वतः स्विच बंद केला. पातं पूर्ण थांबेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काढा आता." आणि घरात गेल्या.

नवी जागेवर बसली तेव्हा पुन्हा बाहेर आल्या. मशीनवाल्याने बोटाऐवजी भिजवलेलं गाजर फिरत्या पात्याला लावलं. खट्! पातं टेबलाखाली गडप.

"परत दाखव," आई म्हणाल्या.

त्याने परत दाखवलं. त्यांनी गाजर हातात घेतलं, अंगठ्याने चाचपलं. नुसता ओरखडा. खोट काढायला बघताहेत, मी मनात म्हटलं.

मग माझ्याकडे वळल्या. "उभी राहा तू."

टोमणाच तो! 

२५ जानेवारी

पलीकडच्या गल्लीतला सुतार आला होता. नव्यानेच धंदा सुरू केलाय. "काकू, चालू मशीन आहे. मला द्या, नीट सांभाळीन."

नवरा हो म्हणणार, तेवढ्यात आई मध्ये आल्या. "मोटर ने. बाकी काही मिळणार नाही."

"अहो, मोटर घेऊन मी काय करू?"

"पंखा कर."

बिचारा गेला. नवरा चिडला, पहिल्यांदाच आईवर चिडलेला पाहिला. "चालू मशीन भंगारात घालणार? दुसऱ्याच्या हाती गेली तर तुझं काय बिघडतं?"

"बिघडतं."

मला तर कीवच आली. आपल्याला नाही तर कोणालाच नाही! या वयात इतका हट्ट!

२७ जानेवारी

लोहाराला त्यांनीच बोलावलं. जुन्या करवतीचं टेबल बिडाचं, ओतीव लोखंडाचं, पहिल्या दोन घावांना दाद देईना. आई समोर स्टूल टाकून बसल्या. "अजून. अजून मार." शेवटी तडा गेला. पात्याचेही तुकडे करायला लावले, गॅस-कटरने. ठिणग्या उडाल्या तरी स्टूल मागे घेतलं नाही.

रडतील असं वाटलं होतं. एक थेंब नाही. माझेच डोळे भरून आले, कुणासाठी ते कळलं नाही.

२८ जानेवारी

मी नव्या मशीनवर चौकट कापली. शाळेचीच. आई फिरकल्या नाहीत.

३० जानेवारी

उन्हं खिडकीतून पार पलंगावर आली तरी आई उठल्या नाहीत. मी घाबरून हलवलं.

"काही झालं नाही गं. झोप लागली." डोळे मिटलेलेच. "इतकी वर्षं डोळा उघडला की पोटात गोळा यायचा. आज कुणाचा हात जातोय, पोराचा का तुझा! म्हणून जवळ येऊ दिलं नाही कोणाला. माझा गेला असता तर चाललं असतं."

आणि कूस बदलून पुन्हा झोपल्या.

मी दार हलकेच ओढून घेतलं. शेडमध्ये अजून गेले नाही. आवाज होईल.