उडालेल्या ओळींची शाई

चाचा, पत्र लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी लोकांच्या पत्रिका लिहिल्या, प्रशस्तिपत्रकं लिहिली, मानपत्रं लिहिली. तुम्हाला मात्र एक ओळ लिहिली नाही. माझी शाळा सातवीत सुटलेली. दुसऱ्यानं मजकूर द्यावा आणि मी तो नीट उतरवावा, एवढंच मला जमतं. स्वतःच्या मनातलं लिहायला बसलो की हाताला घाम येतो, मग कागद खराब होईल म्हणून जीव घाबरतो. आत्तासुद्धा दौतीचं झाकण घट्ट बसलं का, ते दोनदा उठून पाहिलं. पण रविवारी जामखेडहून एक माणूस माझ्याकडे यायचा आहे, आणि तो यायच्या आत मला तुमच्याशी बोलायला हवं.

मी आता देवळाली प्रवऱ्याला थोरल्या मुलाकडे असतो. पडवीत खिडकीशी माझं टेबल आहे. नातीनं सुलेखनाचा क्लास लावलाय. मागच्या महिन्यात तिनं मोबाईलवरून शाईच्या चार बाटल्या मागवल्या आणि त्यातली पाण्यानं न पुसणारी काळी शाई आपल्या फाउंटन पेनात भरायला निघाली. मी तिचा हातच धरला. ती म्हणाली, "आबा, काहीही असतं तुमचं. शाई ती शाई." मी तिला खाली बसवलं. म्हटलं, बाई, या शाईत लाख असते. पेनाच्या पोटात ती एकदा वाळली की पेन संपलं, मग गरम पाण्यात घाल नाही तर देवाला नवस कर. पेनाला पातळ रंगाची शाई लागते, पाण्यासारखी वाहणारी. ही दाट शाई टाकाला. बुडवायचं, लिहायचं, पुसायचं. आणि सोनेरी शाई तर टाकातसुद्धा बुडवायची नाही, ब्रशनं निबच्या पाठीवर ठेवायची, नाही तर तिची पूड फटीत जाऊन बसते. मी बोलत गेलो आणि ती वहीत लिहून घेत गेली. एरवी मला गोळ्या कधी घ्यायच्या ते आठवत नाही, पण शाईचं विचारलं की मी अडखळत नाही. तेवढ्यापुरता मी कुणालाच घाबरत नाही.

हे सगळं तुम्ही शिकवलेलं. नगरच्या बाजारातलं ते दुकान, पुढं काचा आणि फ्रेमा, मागं तुमची बैठक. तुम्ही मांडी घालून बसला आहात, मांडीवर फळी. डाव्या हाताला बोरूची दौत. काजळी आणि बाभळीच्या डिंकाची घरची शाई, आत रेशमाचा बोळा, म्हणजे बोरू हवी तेवढीच शाई उचलतो. लग्नाच्या उर्दू आमंत्रणांचे रुक्के तुम्ही बोरूनं लिहिता आणि गावोगावची मराठी मानपत्रं तिरप्या कापाच्या निबनं. मी नवा असताना एकदा कोरी निब तशीच शाईत बुडवली. शाई तिच्यावर ठरेना, थेंब थेंब होऊन गळायला लागली, आणि एका सरपंचाच्या नावावर डाग पडला. तुम्ही ओरडला नाहीत. डब्यातला उकडलेला बटाटा काढलात, निब त्यात खुपसली, पुसली आणि माझ्या हातात दिली. नव्या निबला कारखान्याचं तेल असतं, ते बटाटा ओढून घेतो, हे मला तेव्हा कळलं. मग म्हणालात, "निब म्हंजे जनावर हाय, बेटा. तिला काय प्यायचंय ते तिला इचार. तुझी आवड तुझ्या घरी." दुपारी तोच बटाटा तुम्ही मला वाढलात, आणि मी तो खाल्ला.

आता त्या मानपत्राचं सांगतो. जामखेडकडच्या एका गावानं बदली होऊन चाललेल्या मास्तरांसाठी ते करून घेतलं होतं. मास्तरांनी त्या गावात वीस वर्षं काढलेली. बैलगाडीतून मिरवायचं आणि शाळेपुढं मानपत्र वाचून दाखवायचं, असा बेत होता. मी तेव्हा तिशीचा, तुमच्याकडे सात वर्षं झालेली. मथळा आणि मास्तरांचं नाव तुम्ही लिहिलंत, आणि खालचा बारीक मजकूर, चौदा ओळी, पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलात. तुम्ही नमाजाला गेलात. बारीक निबला तुमची काजळीची शाई जड जात होती. दर दोन अक्षरांनी निब तुंबायची. न्यायला आलेली माणसं बाकावर बसून घड्याळाकडे बघत होती, त्यातला एक सारखा म्हणत होता, बस जाईल, बस जाईल. माझ्या खिशातल्या पेनाची काळी शाई मी एका झाकणात काढली, टाक त्यात बुडवला आणि सगळ्या चौदा ओळी अर्ध्या तासात उतरवल्या. अक्षर सुंदर आलं, चाचा. आजही म्हणेन, सुंदर आलं. तुम्ही परत आलात, कागद उचलून उजेडाकडे तिरका धरलात. बराच वेळ धरलात. "कंची शाई हाय ही?" मी म्हणालो, आपलीच. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. खाली बसून कोपऱ्यात आपली सही केलीत, आपल्या दौतीतल्या शाईनं.

पेनाची शाई म्हणजे नुसता रंग, तो उन्हात उडतो. काजळी उडत नाही. हे मला माहीत होतं, पण उडायला किती वर्षं लागतात ते माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात मास्तरांचा मुलगा ते मानपत्र चादरीत गुंडाळून घेऊन आला. कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं. मी तुमच्याकडे कामाला होतो हे त्याला ठाऊक होतं, त्या ओळी माझ्या हे ठाऊक नव्हतं. मास्तर आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. इतकी वर्षं ते मानपत्र त्यांच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर होतं, रोज दुपारचं ऊन खात. मथळा काळा कुळकुळीत. मास्तरांचं नाव काळं कुळकुळीत. मधल्या चौदा ओळी गेलेल्या. नुसती पिवळी सावली, कुठे वेलांटी, कुठे काना. आणि खाली कोपऱ्यात तुमची सही, काल केल्यासारखी. मुलगा भला माणूस आहे, वाईट बोलायचं म्हणून बोलला नाही. चहा पिता पिता म्हणाला, "अक्षर काय होतं हो तुमच्या चाचांचं. पर शाई हलकी घातली म्हाताऱ्यानं. आमचे अण्णा लई हळहळत्यात." घरी येईल त्याला मास्तर सांगतात म्हणे, की एवढा मोठा कारागीर, पण शेवटी फसवलंच. मी बशीतला चहा सांडला. पुसत बसलो.

काम घेतलं. मजकूर कुठून आणायचा हा प्रश्न होता, पण मास्तरांना तो तोंडपाठ आहे. रोज समोर बसून म्हणतात. मुलानं मोबाईलवर त्यांचा आवाज भरून पाठवला. मी तो आवाज ऐकत, भिंगातून सावल्या जुळवत बसलो. मास्तरांनी मधल्या वर्षांत स्वतःहून एक 'निःस्वार्थी' वाढवलेला निघाला. सावलीत त्याला जागाच नव्हती. तुम्ही असतात तर घालू दिला नसतात. मी थोडा दाटून बसवला.

शाईचं मात्र मी एकदाही डळमळलो नाही. नात म्हणाली, बाटलीतली ती न पुसणारी वापरा. मी म्हटलं, नको. जुन्या कागदावर ती पापुद्र्यासारखी वर बसेल आणि पुढं तडकेल. पेनाच्या शाईचं तर नावच नको. मी काजळी धरली, डिंक भिजवला, तीन दिवस खलली. कागदाची खळ गेली आहे, पातळ शाई पसरणार, म्हणून डिंक जरा चढा ठेवला. फ्रेमखाली झाकली जाणारी कड होती, तिच्यावर आधी ओढून पाहिलं. पसरली नाही. बारीक निब, ब्रशनं तिच्या पाठीवर शाई, आणि शेजारी ओला फडका. दर दोन अक्षरांनी पुसायची. एवढंच होतं, चाचा. तेव्हा तुंबणाऱ्या निबला फक्त पुसत राहायचं होतं. हात कापतो, म्हणून मनगटाखाली ज्वारीची पुरचुंडी घेतली. सकाळच्या उजेडात रोज एक ओळ, त्याहून जास्त नाही. चौदा दिवसांत पुरं झालं. तिरकं धरून पाहिलं. माझ्या ओळींवर आणि तुमच्या सहीवर आता एकच चमक आहे. हे उडणार नाही. माझी नात म्हातारी होईल तेव्हाही नाही.

पण मी ते दुरुस्त केलं म्हणजे तुमच्यावरचा बोल गेला असं होत नाही. उलट मास्तरांचा मुलगा फोनवर म्हणाला, तुम्ही तुमच्या उस्तादाची चूक निस्तरलीत. म्हणून रविवारी तो न्यायला आला की मी त्याला सांगणार आहे, त्या चौदा ओळी माझ्या, शाई माझी, खोटं माझं. चाचांची शाई मथळ्यात बघा आणि सहीत बघा. नुसता त्यालाच नाही, त्याच्यासोबत जामखेडला जाऊन मास्तरांच्या तोंडावर सांगेन. बोलायची चार वाक्यं मी कागदावर लिहून ठेवली आहेत.

फक्त एक गोष्ट मला रात्रंदिवस कुरतडते. तुम्ही कागद तिरका धरलात तेव्हा तुम्हाला कळलं होतं का? तुमच्या डोळ्याला काजळी आणि रंग यातला फरक कळला नाही, हे मला पटत नाही. कळलं असेल, तर तुम्ही जाणूनबुजून माझ्या खोट्याखाली सही केलीत, मला त्या माणसांपुढं उघडं पाडायचं नाही म्हणून. मग आज मी ते उघडं करणं तुम्हाला चालेल का? आणि कळलं नसेल, तर तुम्ही माझ्या शब्दावर सही केलीत. त्याचा तर मला विचारही सहन होत नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला समजतं. आणि खरं सांगतो, मास्तरांच्या मुलाचा फोन त्यानंतर दोनदा आला, दोन्ही वेळा मी शाईबद्दलच बोलत राहिलो, ती चार वाक्यं समोर असून. तुम्ही 'नको' म्हणावं अशी वाट बघतोय की काय, माझं मलाच कळत नाही. रविवारी तो सकाळच्या एसटीनं निघेल, दुपारपर्यंत इथं पोचेल. त्याच्या आत तुमचा काय तो निरोप लवकर येऊ द्या.