दहा वर्षं टिकलेला डोळा

सोमवार, ४ ऑगस्ट

पहिला नंबर! डोळ्यांच्या डॉक्टरांनी आज स्वतः उठून मला दार उघडलं. काचबिंदूच्या ऑपरेशनला दहा वर्षं झालेल्यांची ते यादी करताहेत – कोणाचं टिकलं, कोणाचं नाही. "काहींना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं, काही थेंबांवर परत आले, काही तर हयातच नाहीत. पण बाई, तुमचा उजवा डोळा! आतला दाब बारा, तोही औषधाचा एक थेंब न घालता!" परिषदेत माझ्या डोळ्याचा फोटो दाखवणार म्हणे. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, फोटो कोणी मागितला नव्हता.

डाव्याचं ऑपरेशन झालेलं नाही. त्याला फक्त रोज एक थेंब. तो माझा चांगला डोळा. त्याचा दाब चौदा भरला. "हाही ठीक," म्हणाले आणि पुन्हा लाडक्या उजव्याकडे वळले. यादीसाठी दिव्यांची तपासणी तेवढी राहिली आहे. ती पुढच्या मंगळवारी.

बुधवार, ६ ऑगस्ट

स्वयंपाकघराच्या दाराची चौकट. डावा खांदा. या महिन्यात तिसऱ्यांदा!

लेकीने पाहिलं. "आई, तुला डावीकडचं दिसत नाही. स्कूटरची किल्ली दे बघू." मी डॉक्टरांचा कागद तिच्या पुढ्यात आपटला. बारा आणि चौदा! वाच! किल्ली माझ्याकडेच आहे. पण भाजी आणायला आज चालत गेले, का कोण जाणे.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. डाव्याचा थेंब मी रोज घालत नाही. झोंबतो, डोळा लालभडक होतो, आणि दुखत तर काहीच नसतं. तपासणीच्या आधी आठवडाभर मात्र न चुकता घालते. मग दाब येतो चौदा! वर्षभर उनाडक्या करून परीक्षेच्या तोंडावर पुस्तक उघडणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करायचे. मला कोण करणार?

आणि ती दिव्यांची तपासणी. एक डोळा झाकायचा, वाडग्यासारख्या यंत्रात मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आजूबाजूला बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. सगळी तालावर चालणारी गोष्ट. दिव्याची वाट न बघता दोनदा दाबायचं, एकदा सोडायचं. सगळंच बरोबर आलं तर संशय येतो ना! आधीचा यंत्रवाला दाराबाहेर फोनवर बोलत बसायचा. डाव्याला मी अशीच तीन वर्षं पास करत आणलं आहे.

का करते? उजव्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, समोर नुसतं धुकं. तेव्हा हे होते. माझी वेणीसुद्धा घालून द्यायचे, वाकडीतिकडी. आता पुन्हा तसलं काही नको. भीती वाटते मला. झालं, लिहून टाकलं!

रविवार, १० ऑगस्ट

थेंब घातला. झोंबला.

मंगळवार, १२ ऑगस्ट

पकडले गेले! यंत्रावर आता नवी बाई आहे. कागद हातात घेऊन हळूच म्हणाली, "डावा डोळा तपासताना यंत्र मधूनमधून दिवा न लावता नुसता आवाज करत होतं. तुम्ही तेव्हाही बटण दाबलंत." माझे कान तापले. वर ती हसून म्हणते कशी, "बाई, मला ओळखलं नाहीत? दहावीच्या सराव परीक्षेत तुम्ही माझा पेपर काढून घेतला होता. चिठ्ठी सापडली म्हणून."

ओळखलं. फार रडली होती. मी ढिम्म हलले नव्हते.

"आपण पुन्हा घेऊ," ती म्हणाली. "गुरुवारी या. डॉक्टरांना आत्ता काही सांगत नाही." शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवार, १३ ऑगस्ट

लेकीला सगळं सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. ओरडली नाही, तेच जास्त लागलं. "आई, उद्या तरी खरं दाब गं," एवढंच म्हणाली.

खरंच दाबणार. चार-सहा दिवे चुकतील. चुकू देत. माणूस आहे.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आधी उजवा झाला. उत्तम! मग उजव्यावर पट्टी आली. डाव्याला पिवळा ठिपका लख्ख दिसत होता. बटणावर बोट ठेवून मी पहिल्या दिव्याची वाट बघत बसले. तिचं यंत्र नुसतंच आवाज करत होतं, दिवा लावायला आज फारच वेळ घेत होतं. शेवटी म्हटलं, "अगं, सुरू कधी करणार?"

तिने माझ्या हातातलं बटण काढून घेतलं. "बाई, तपासणी संपली."