सगळ्या गायकवाडांचा एकच नंबर

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५
इतक्या उशिरा लिहितोय, माफ कर रे रोजनिशी. मेळावा होऊन आठवडा झाला. पण वधू-वर मंडळाचा चिटणीस मी, सगळा भार माझ्याच डोक्यावर. त्यात पोटात गॅस.

बातमी आनंदाची! नात प्रगतीला मुलगा पसंत आहे. रूपेश गायकवाड. उल्हासनगर सोडून पालेगावात नवा फ्लॅट घेतलाय, असं स्टेजवरून म्हणाला. होकार असेल तर सोळा तारखेच्या रविवारपर्यंत फोन करा, नाही आला तर नकार समजेन, हेही म्हणाला. मेळाव्यात मुलामुलींनी परस्पर नंबर द्यायचे नाहीत, हा नियम माझाच. प्रगती म्हणाली, आजोबा, मग तुम्हीच द्या. देतो म्हटलं. उद्या.

मंगळवार, ११
कॉम्प्युटरवर दोन टेबलं आहेत. जुनं, सगळ्या सभासदांचं. नवं, मेळाव्याला आलेल्यांनी मोबाईलवरून भरलेलं. बदललेले नंबर, पत्ते त्यात. रूपेशचा नंबर नुसता बघून देता आला असता. पण चिटणिसानं अर्धवट काम करू नये. आधी नव्यातलं सगळं जुन्यात घालायचं, मग द्यायचं. त्यासाठी एसक्यूएल नावाची भाषा आहे. व्हिडिओ बघितला. अपडेट म्हणजे बदल, सेट म्हणजे काय बदलायचं, व्हेअर म्हणजे कुणाचं. आठवी पास माणसाला एवढं इंग्रजी पुष्कळ.

आमची ही, भारती, म्हणाली, हातानं उतरवा, संध्याकाळपर्यंत होईल. हिला टेक्नॉलॉजी कळत नाही.

बुधवार, १२
व्हिडिओवाला म्हणतो, दोन्हीकडची माणसं सभासद क्रमांकानं जुळवा. पटलं नाही. माणूस काय कैदी आहे? आपल्याकडे पहिला प्रश्न आडनाव काय हाच. व्हेअरच्या पुढे आडनाव टाकलं. बटण दाबलं. झालं!

नव्या टेबलात माणसं थोडी, तरी जुन्यात बदल कितीतरी जास्त झाले. केवढी बरकत! कंपनीत स्टोअरला होतो तेव्हा माल नव्या रॅकवर गेला की जुना रॅक लगेच रिकामा करायचो. त्याच शिस्तीनं नवं टेबल पुसून टाकलं. प्रगतीला नंबर दिला. अध्यक्ष श्यामकांतना फोन करून सत्काराचं सुचवलं. शाल नको, अंगाला खाजते, तेही सांगितलं.

गुरुवार, १३
प्रगतीनं फोन लावला. पलीकडे सुदाम गायकवाड, सोनिवलीचे. साठीच्या घरात, बिजवर. आवाज गोड आहे म्हणाले, चहाला बोलावलं. प्रगतीनं फोन माझ्या मांडीवर फेकला.

नेटवर्कचा घोळ असणार.

शुक्रवार, १४
नेटवर्क नाही. सगळ्या गायकवाडांना सुदामरावांचाच नंबर लागलाय, पत्ताही त्यांचाच. रूपेशचा खरा नंबर पुसलेल्या टेबलातच होता. श्यामकांत कात्रपहून तडक घरी आले. म्हणाले, शिवरामभाऊ, अख्खं मंडळ सोनिवलीच्या एका वन बीएचकेत कोंबलंत! सत्काराचा विषय निघाला नाही.

सुदामराव मात्र खूश. मुलींच्या वडिलांचे फोनवर फोन. केस काळे केलेत. मंडळ एवढं काम करतं हे ठाऊकच नव्हतं म्हणाले. अहवालात घालीन.

शनिवार, १५
संकल्प: नवी क्वेरी लिहून सगळं पूर्ववत करणे. भारतीनं कीबोर्ड कपाटात ठेवून कुलूप लावलं. संकल्प स्थगित.

प्रगती जेवली नाही. मी म्हटलं, मुलं काय, पुष्कळ मिळतील. ती म्हणाली, आजोबा, सगळे माझा पगार विचारतात. रूपेशनं मेळाव्यात विचारलं, तुला हसू कशानं येतं?

मी तिचं ताट झाकून ठेवलं.

रविवार, १६
आज शेवटचा दिवस. प्रगती आणि भारती सकाळीच पालेगावला गेल्या. एकेका नव्या बिल्डिंगीत जाऊन विचारणार. मीही चप्पल घातली होती. भारती म्हणाली, तुम्ही घरीच बसा. गेटवर आडनावानं हाक माराल आणि अख्खं पालेगाव खाली उतरवाल.

बसलोय.

दुपारी फोन वाजला. धावलो. सुदामराव! या आठवड्यात आणखी किती स्थळं पाठवताय, विचारत होते. ठेवला. लाइन मोकळी हवी. कुकरही लावला नाही, शिटीत फोन ऐकू यायचा नाही.

ऊन उतरलं. भारती, प्रगती, भेटला का गं तो? हो की नाही, तेवढं तरी लवकर कळवा.