बाबांची शीर आणि माझी पद्धत

३ तारीख, सोमवार. सकाळी ७.१०
बाबांना हिमोफिलिया जन्मापासून. रक्त गोठवणारा फॅक्टर शरीरात बनत नाही, म्हणून सोमवार-बुधवार-शुक्रवार शिरेतून घेतात. तीस वर्षं स्वतःच टोचतात. आता वय एकसष्ट, बोटं आखडलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. आज चौथ्या टोचणीला शीर सापडली. दर वेळी हॉस्पिटलात जाणं शक्य नाही. घोटे झिजलेत, जिना उतरवत नाही.
निर्णय: हे काम मी घेते. मी कंपनीत रोज नळ्यांतला दाब मोजणारी प्रेशर गेज कॅलिब्रेट करते. शीर म्हणजे शेवटी एक नळी. सात दिवस पुरेत.
आईने विचारलं, मीही शिकू का? ती ब्लाउज शिवते. हे शिवणकाम नाही, असं सांगितलं.

५ तारीख, बुधवार
हॉस्पिटलात ट्रेनिंग. बाबांचा आजचा डोस सिस्टरनेच दिला. तिची पद्धत ढिसाळ. शीर कशी ओळखायची विचारलं, तर म्हणे हाताला कळतं. हाताला कळत असतं तर उपकरणं कशाला बनली असती?
रबरी हातावर मी बारापैकी बारा. सिस्टर म्हणाली, रबराला दुखत नाही हो ताई. असली माणसं शिकवायला ठेवतात.
आईही आली होती. पर्स सांभाळायला.

७ तारीख, शुक्रवार. सकाळी ७.३०
पहिला प्रयत्न रद्द. कारण: उजेड अपुरा. बाबा म्हणाले, डोळे उघड, आपोआप उजेड पडेल. सांध्यांबरोबर विनोदही झिजतो, असं दिसतं.
शेवटी त्यांनीच घेतलं. तीन टोचण्या. बेशिस्त.

८ तारीख, शनिवार
नवा दिवा आणला. बाबांचा उजवा हात टेबलावर ठेवून शिरेचा नकाशा काढला. मिलिमीटरमध्ये. टोचायच्या जागी मार्करने ठिपका. बाबांना अंघोळीला बंदी. ते म्हणाले, बरं साहेब. कुत्सितपणाकडे दुर्लक्ष केलं.

१० तारीख, सोमवार
सुई ठिपक्यात अचूक गेली. शीर तिथे नव्हती.
कारण नंतर कळलं. जुन्या रक्तस्रावांमुळे बाबांचा उजवा कोपर तीस अंश कमी सरळ होतो. शनिवारी हात टेबलावर होता, आज उशीवर. कातडी सरकली, ठिपका सरकला. म्हणजे पद्धत बरोबर, कोपर चूक.
डाग बशीएवढा झाला. जांभळा. फार वेळ पाहिला नाही. ऑफिसला उशीर होत होता. डोस त्यांनी डाव्या हातात घेतला.

१२ तारीख, बुधवार
पद्धतीचा आढावा चालू असल्याने आज मी टोचलं नाही. हात मात्र चार वेळा धुतले. बाबांनी स्वतः प्रयत्न केला, दोन शिरा फुटल्या, थकून सोडून दिलं. एक डोस चुकला तर आभाळ कोसळत नाही, असं मी सांगितलं. आई चप्पल घालून बाहेर गेली. या घरात शास्त्रीय चर्चा अशक्य.

१४ तारीख, शुक्रवार. सकाळी ६.४०
बाबांचा डावा गुडघा नारळाएवढा. आत रक्त साचतंय. सिस्टर फोनवर म्हणाली, एक मिनिट घालवू नका, आधी फॅक्टर द्या, मग इकडे या. औषध मी तयार केलं. बाटली हलवली नाही, फक्त गोल फिरवली; फेस शून्य. दंडाला पट्टा बांधला. सुई हातात घेतली.

त्याच दिवशी. सकाळी ११, हॉस्पिटलचा बाक
पुढचं ऐकीव.
मी पडले. आईने माझ्या हातातली सुई काढून टाकली, नवी घेतली आणि डाव्या हाताची शीर पहिल्याच टोचणीत पकडली. सोमवारचा डाग पाहिल्यापासून ती रोज दुपारी सिस्टरकडे जात होती, म्हणे. उजवा हात का नाही घेतला, असं मी विचारलं. म्हणाली, त्याच्यावर तुझी रांगोळी आहे.
गुडघा वाचेल, असं डॉक्टर म्हणतात. पुढचे डोस आई देणार. मला कोणी विचारलं नाही.
मी जमिनीवर होते तेव्हा, डाव्या हातात औषध जात असताना, बाबांनी उजव्या हाताने माझ्या तोंडावर पाणी मारलं. तो हात तीस अंश कमी सरळ होतो. माझ्या हिशेबाने तो माझ्यापर्यंत पोचायला नको होता.