धरणाखालचा मुक्काम

प्रिय धाकट्या,

ज्याने समुद्राला किनाऱ्याची मर्यादा घातली आणि माणसाला पाणी अडवण्याची बुद्धी दिली, त्या परमेश्वराच्या कृपेने मी क्षेमात आहे. ‘प्रिय’ हा शब्द वर सवयीने आला आहे. त्यावर भाळू नकोस. “दादा, तुम्ही पोथी सांभाळा, धरण मी सांभाळतो,” असे फोनवर ओरडून तू बोलणे तोडलेस. पोथी मी सांभाळतोच आहे. धरण तू कसे सांभाळतोस, तेवढे लिहितो.

वडिलांनी बांधलेले ते मातीचे धरण वाटणीत तुझ्याकडे गेले, याची मला खंत नाही. भरावाच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी वडील रोज सकाळी पांढऱ्या वाटीत धरून उजेडात पाहत. निवळ असले की वाटी उपडी करून म्हणत, “म्हातारं ठणठणीत आहे.” गढूळ असले, तर आतली माती वाहून चालली असे समजायचे. त्याच वाटीने तू आता माशांना खाद्य घालतोस. ते मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाला जाळीही ठोकलीस. जादा पाण्याला बाहेर पडायची ती एकच वाट. जाळीत पालापाचोळा अडकतो, तळे फुगते, पाणी भरावाच्या माथ्याला भिडू पाहते. मासे मात्र सुखरूप आहेत. अभिनंदन.

धरणांच्या सरकारी तपासनीस बाईंना हे दिसले असते. पण धरण ‘कमी धोका’ या वर्गात, म्हणून त्या क्वचितच फिरकतात. हा वर्ग भरावाच्या बळकटीवरून ठरत नाही. भराव फुटला तर खाली कोण बुडेल, यावरून ठरतो. त्यांनी तेच विचारले, तेव्हा तू हसत म्हणालास, “खाली कोणी राहत नाही हो, गोदामं आहेत.” त्या गोदामांत चुली पेटतात, पाळणे हलतात, दोरीवर शाळेचे गणवेश वाळतात. भाडेकरू तुझेच आहेत. शास्त्रांनी पाणी अडवणाऱ्याला पुण्य सांगितले आहे. त्या पाण्याखाली निजलेल्या जिवांना ‘कोणी नाही’ म्हणणाऱ्यासाठी प्रायश्चित्त मला कुठे सापडले नाही. सापडले असते, तरी तुला कळवले नसते.

म्हणून गेल्या महिन्यात मी भरावासमोरच्या पहिल्याच गोदामात राहायला आलो. शेजारची शिवणकाम करणारी बाई चहा घेऊन आली नि म्हणाली, “आजोबा, कागदावर आम्ही गोण्या आहोत. तुम्ही कशाला गोणी होताय?” मी म्हटले, धाकटा मला पहिल्यापासून ओझेच समजतो. हसता हसता तिने निम्मा चहा सांडला.

आज सकाळी मी पायथ्याचे पाणी माझ्या जेवणाच्या वाटीत धरले. ते गढूळ होते. साऱ्या बिऱ्हाडांना मी टेकडीवरच्या शाळेत पाठवले आहे. शिवणकामवाली हाताला धरून ओढत होती. मी गेलो नाही. सगळेच गेलो, तर तुझे खोटे खरे ठरेल. जाळी उपट, तळे उतरव. हेच पत्र तपासनीस बाईंकडेही गेले आहे; त्यांनी वर्ग बदलेपर्यंत खाली एक माणूस राहतो, आणि तो तुझ्या रक्ताचा आहे.

हे पत्र जो जो वाचेल, त्याच्या उशाशी कुणाचे अडवलेले पाणी न येवो; त्याची झोप कोरडी आणि सकाळ निवळ असो. तुझीसुद्धा.

तुझाच थोरला,
मुक्काम धरणाखाली