पीठ आंबायला आठ तास

३ मार्च, सोमवार
माझ्या विद्यार्थिनीच्या, गौरीच्या पीएच.डी.चं शेवटचं सादरीकरण शुक्रवारी. पार पडलं तर प्रबंध छापायचा, नाहीतर संपलं. मुदतवाढ आता नाही. पाच वर्षं पोरीनं एका मोबाईल गेमवर काढली. गेममध्ये इडलीचं हॉटेल चालवायचं. पीठ आंबायला खरेखुरे आठ तास. त्या आठ तासांत खेळणाऱ्या बायका घरी काय करतात, हा विषय. विभागप्रमुख आज परत: "थोडक्यात, गेम खेळत होती." म्हटलं, हो सर, आणि वनस्पतिशास्त्रवाले गवत उपटत असतात.
बाहेरच्या परीक्षकांना गेम प्रत्यक्ष बघायचाय. रास्त. पण नव्या आवृत्तीत थांबणंच काढलंय: जाहिरात बघा, पीठ तयार. जुनी आवृत्ती फक्त विभागाच्या कपाटातल्या फोनवर. त्याला चिठ्ठी, माझ्याच अक्षरात: नेट लावू नये.

४ मार्च, मंगळवार
नेट लावलं. मीच.
रंगीत तालीम. प्रोजेक्टरची वायर सापडेना, गौरी ट्रॅफिकमध्ये. फोन वायफायने जोडला. पडद्यावर काय देखणा दिसला! दहा मिनिटांत आपसूक अपडेट.
गौरी आली, पीठ लावलं. पाच सेकंद.
"मॅडम, आंबलं की हो हे."
ओरडली असती तर बरं झालं असतं. डिजिटल वस्तू जपाव्या कशा, हा पेपर दर वर्षी मीच शिकवते.

५ मार्च, बुधवार
जुन्या गेमचं रेकॉर्डिंग दाखवू म्हटलं. प्रमुख: "ते काय, कुणीही बनवतं." तारीख पुढे? नाही. गौरी दिवसभर मुलाखती दिलेल्या बायकांना फोन लावतेय. सगळ्यांचे अपडेट झालेले. उरल्या 'सहभागी क्र. ७'. उचलत नाहीत.

६ मार्च, गुरुवार
के. आर. पुरमला, शहराच्या पार टोकाला, त्यांच्या घरीच जाऊन धडकलो. क्र. ७ म्हणजे लक्ष्मीअक्का, मूळच्या सीमाभागातल्या, निपाणीच्या, साठीच्या. फोनमध्ये नातीचे इतके फोटो की अपडेटला जागाच नाही. जुना गेम शाबूत!! उद्यापुरता फोन मागितला.
"फोन मी कुणाला देत न्हाई. मीच येतो की."
"अक्का, तुमचं नाव गुप्त ठेवायचा नियम आहे."
"मग काय, तोंड झाकून येऊ?"

७ मार्च, शुक्रवार
सुरुवातीलाच सांगून टाकलं: विभागाचा फोन बिघडला नाही, मी बिघडवला. प्रमुखांच्या चेहऱ्यावर दिवाळी.
परीक्षकांनी पहिल्या रांगेकडे बघून विचारलं, ह्या कोण?
गौरी: "सहभागी क्रमांक सात."
अक्का: "लक्ष्मी."
झाला नियम.
अक्कांनी पीठ लावलं, दहा वाजून दहा. परीक्षक पाच मिनिटं पडद्याकडे बघत बसले. मग कन्नडात: लवकर होत नाही?
"न्हाई."
मधे काय करायचं?
"मी भांडी घासून घेतो. तुमचं तुम्ही बघा."
गौरी पहिल्यांदा हसली. तिचं चौथं प्रकरण एवढंच आहे, फक्त नव्वद पानी.
प्रमुखांनी फॉर्म पुढे केला, 'असमाधानकारक'वर आधीच पेन्सिलची खूण. परीक्षकांनी तो सही न करताच घडी करून खिशात घातला. "सव्वासहाला येतो. आंबलेलं बघतो, मग सही." गेले जेवायला.
आता सव्वादोन. अक्कांना साडेतीनला नातीला शाळेतून आणायचंय. दुसरं कुणी घरात नाही. फोन त्या ठेवून जाणार नाहीत. गौरीने दोनदा विचारलं, मी एकदा. शेवटी अक्कांनी त्याच फोनवरून शाळेत माझं नाव कळवलं; नातीला आणायला मी निघतेय.